मातीची ओटी

कातळेवाडीत शिराल तर प्रत्येक दारापुढे दगडांनी बांधलेला हातभर वाफा दिसेल. त्यात झुपक्याने वाढणारे छोटे कांदे असतात. पण कुठल्याही दोन घरांतली माती सारखी दिसायची नाही. कुठे काळी, कुठे तांबूस, कुठे रेतीची. का, असे विचारले की गावचे दौलत गुरव पाहुण्यांना घोंगडीवर बसवतात आणि सगुणाची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, नुसता कातळ होता. नाचणी दूरच्या उतारावर पिकायची. दाराशी हिरवे पान नव्हते. सगुणा इथे सून होऊन आली. तिची सासू भागाबाई एका पावसाळ्यात तापाने अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. भाकरी समोर धरली की ती मान फिरवायची. एकदा मात्र म्हणाली, "माझ्या आईच्या परसात बारके कांदे असायचे गं. पातीसकट खायचो."

हे सगुणाच्या मनाला लागले. दिवाळीला ती नदीकाठी माहेरी गेली. निघताना आई तांदूळ-नारळाने ओटी भरू लागली, तशी ती म्हणाली, "आये, मला परसातली माती घाल."

आई दचकली. "सवाशिणीच्या ओटीत माती? अभद्र बोलू नकोस!"

"तांदूळ चार दिवसांत सरतील. माती सरायची नाही. सासूबाई अन्नाला शिवत नाहीत गं."

आई उठून परसात गेली, हाताने माती उकरली, चाळली आणि लेकीच्या पदरात ओतली. वर पाच कांदे ठेवले, कुंकू लावले.

ते ओझे पोटाशी धरून सगुणा घाटी चढली, म्हणे. वाडीतल्या बायांनी तोंडावर पदर घेतला. कुणी शिव्याही घातल्या. तिने दारापुढच्या खळग्यात माती पसरली, कांदे लावले, भांडी विसळलेले पाणी घातले. या कांद्याची मुळे खोल जात नाहीत. वीतभर माती त्याला पुरते.

कोंब फुटले. भागाबाई अंथरुणावरून रोज विचारू लागली, "आज पात केवढी झाली?" ऐकता ऐकता दोन घास पेजही घेऊ लागली. शिमग्याला पात आडवी पडली, म्हणजे कांदे तयार झाले. पाच कांद्यांचे पाच झुपके झाले, आणि त्यांतून वाडीतल्या प्रत्येक घराला बियाणे पुरले, असे सांगतात.

सगुणाने पहिला झुपका उपटून सासूपुढे ठेवला. म्हातारीने त्यातला एकच कांदा घेतला, बुक्कीने फोडला आणि अख्खी भाकरी खाल्ली. उरलेले सुनेच्या हाती देत म्हणाली, "हे तुझ्या आईला नेऊन दे. मला चालवत असतं तर मीच गेले असते. तिने पोटची लेक दिली, वर पायाखालची मातीही दिली. आपण काय दिलं तिला?"

भागाबाई पुढे नऊ पावसाळे जगली.

आजही कातळेवाडीत सून येते ती माहेरची ओंजळभर माती ओटीत घेऊन. आणि शिमग्याला वाफ्यातला पहिला झुपका घरात कुणी खात नाही. सासू तो स्वतः फडक्यात बांधते आणि सुनेच्या माहेरी पोचवून येते.