चिंच जास्त झाली

एकदा एक म्हातारा आचारी मरणाला टेकला होता आणि एक तरुण डॉक्टर त्याला काही केल्या जाऊ द्यायला तयार नव्हता. चाळीस वर्षं आचाऱ्याने लग्नामुंजींच्या पंगती जेवू घातल्या होत्या. आता त्याच्या नाकात नळी होती आणि उशाशी पाटी होती, ‘तोंडाने काहीही देऊ नये’. रोग सर्वांगात पसरला होता, गिळण्याची शक्ती क्षीण झाली होती. घास चुकून श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून ही दक्षता होती. दहा दिवसांत तो कोणाशी एक अक्षर बोलला नव्हता.

त्याची मुलगी रोज दुपारी कटाच्या आमटीचा डबा घेऊन अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभी राही.

“दोन थेंब तरी द्या हो, डॉक्टर. नुसते छताकडे बघत पडलेत.”

“ताई, नळीतून सगळं व्यवस्थित जातंय,” असं म्हणून तो तिला परत पाठवी.

हा तरुण निष्ठुर नव्हता, बरं का! म्हाताऱ्याच्या रक्तातलं मीठ, साखर, प्राणवायू सगळं त्याला मुखोद्गत होतं. म्हाताऱ्याने जन्मभर काय केलं, तेवढंच ठाऊक नव्हतं. केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो. पण तो वाचतो कोण?

एके दुपारी त्याचे गुरू, विभागातले वृद्ध डॉक्टर, राउंडला आले. त्यांनी केसपेपर मागितलाच नाही. दाराशी उभ्या असलेल्या मुलीची विचारपूस करून तिला आत घेतलं, खाटेजवळ स्टूल ओढलं, डब्याच्या झाकणात आमटी ओतली आणि चक्क भुरके मारत स्वतःच प्यायला सुरुवात केली. शिष्याला कुठे तोंड लपवावं कळेना. नर्सबाई तर बघतच राहिल्या.

गोड्या मसाल्याचा वास त्या औषधी खोलीत दरवळला आणि आचाऱ्याने डोळे उघडले.

“काय आचारीबुवा, जमलीय का हो?” गुरूंनी विचारलं.

म्हाताऱ्याने ओठ विलग केले. गुरूंनी त्याला उशांच्या आधाराने नीट बसवलं आणि चमच्याच्या टोकाने एक थेंब जिभेवर ठेवला. शिष्याचा जीव टांगणीला लागला. म्हातारा डोळे मिटून तो थेंब कितीतरी वेळ घोळवत राहिला.

“चिंच जास्त झाली,” तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. “इंदे, किती वेळा सांगितलं तुला?”

इंदू दहा दिवस याच आवाजासाठी झुरत होती. ती हसू लागली आणि हसता हसता तिला हुंदका फुटला.

बाहेर येताच शिष्य म्हणाला, “सर, ठसका लागला असता तर?”

“लागला असता. ती भीती खरी आहे, म्हणून तर थेंबच दिला. पण अरे, हा माणूस आता बरा होणार नाही हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि त्यालाही ठाऊक आहे. तरी आपण तिघंही गप्प बसलो. त्याला काय होतंय हे आपण रोज तपासलं. काय हवंय हे एकदाही विचारलं नाही. मरण लांबवायच्या धडपडीत त्याचं जगणं आपण दाराबाहेर उभं करून ठेवलं.”

शिष्य खाली मान घालून परत आत गेला. दहा दिवसांत पहिल्यांदाच तो त्या स्टुलावर टेकला.

“बाबा, तुम्हाला काय हवंय?”

म्हाताऱ्याने मान त्याच्याकडे वळवली.

“घर,” तो म्हणाला. “फोडणीचा आवाज ऐकून किती दिवस झाले.”

दुसऱ्याच दिवशी वेदनेची औषधं, नर्सची रोजची फेरी आणि स्वतःचा फोन नंबर देऊन शिष्याने त्याला घरी पाठवलं. दोन आठवड्यांनी इंदू उरलेली औषधं परत करायला आली.

“सहा दिवस होते,” ती म्हणाली. “स्वयंपाकघराच्या दाराशीच खाट टाकली होती. रोज माझ्या चुका काढायचे. शेवटच्या दिवशी एकही काढली नाही. हात धरून म्हणाले, ‘आता तुला येतं गं सगळं.’ तेव्हाच मला कळलं.”

शिष्याने तिला खुर्ची दिली आणि तिच्या वडिलांविषयी ती सांगेल तेवढं ऐकत बसला.