ढोल न वाजता आलेली काकू

एकदा एक गृहस्थ भर उन्हात आपल्या वृद्ध गुरूंच्या दारी येऊन धडकले. वासुदेव त्यांचे नाव. तालुक्याच्या गावी ते शाळेत शिकवीत. इतरांच्या मुलांना वळण लावण्यात त्यांचा लौकिक होता. स्वतःच्या तेरा वर्षांच्या मुलीपुढे मात्र त्यांनी हात टेकले होते.

"गुरुजी, मी थकलो," पायरीवरच बसत ते म्हणाले. "ऋचा टीव्हीवरच्या मालिका बघते आणि त्याच खऱ्या मानते. धाकट्या भावाचं नुकतंच लग्न झालं. मागच्या आठवड्यात त्याची बायको केतकी माझ्या आईसाठी दूध घेऊन आली. ऋचाने तिच्या हातातला पेला हिसकावून मोरीत ओतला. म्हणाली, 'हिने यात काहीतरी मिसळलंय.' केतकीचे वडील समोरच बसले होते. त्याच पावली ते मुलीला घेऊन गेले."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? रागावलो, समजावलं, शेवटी केबल काढून टाकली. आता बाईसाहेब शेजाऱ्यांकडे जाऊन बघतात. वर मलाच विचारतात, 'बाबा, तुम्हाला माणसं ओळखता येतात का?'"

गुरुजींनी ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाले, "केबल जोडून घे. उद्यापासून संध्याकाळी मी मालिका बघायला येतो."

आयुष्यभर उपनिषदे शिकवलेल्या माणसाने हे सांगावे? गुरुजींचे आता वय झाले, असेच वासुदेवांना वाटले. तरी शब्द मोडवेना. चरफडत त्यांनी केबल जोडून घेतली.

गुरुजी खरोखरच आले आणि ऋचाशेजारी मांडी घालून बसले. ही कोण, तो कोणाचा भाऊ, ही रडते का, असे विचारू लागले. ऋचाही रंगून सांगू लागली. वासुदेव दाराशी उभे राहून मनातल्या मनात धुसफुसत होते. असे काही दिवस गेले. एका संध्याकाळी मालिकेतली एक बाई हातात ताट घेऊन आत आली आणि धडाधड ढोल वाजला.

"हा ढोल कशाला ग?"

"ती कपटी आहे ना, आजोबा. आपल्याला कळावं म्हणून."

"आणि त्या घरातल्यांना तो ऐकू येत नाही?"

"छे. फक्त बघणाऱ्यांना."

"बरं. मग तुझी काकू आली, तेव्हा केवढ्याने वाजला?"

ऋचा हसली आणि हसता हसता थांबली. "तेव्हा कुठे वाजला?"

"मग तुला कसं कळलं?"

"काकू कोणाशी बोलत नव्हती. सारखी दार लावून बसायची. मालिकेत अशाच बायका…"

"का बसायची, ते तिला विचारलंस?"

ऋचाने मान हलवली. नाही.

गुरुजींना पोचवायला वासुदेव फाटकापर्यंत गेले. "हेच मी तिला किती वेळा सांगितलं," ते त्राग्याने म्हणाले. "माझं एक अक्षर ऐकलं नाही."

"तू उभ्याउभ्या सांगितलंस, वासुदेवा. मालिकेला घाई नव्हती. सासू कशी असते, जाऊ कशी असते, वाईट माणूस कसा ओळखायचा, हे ती रोज निवांत सांगत राहिली. पोरीला जग कोणाकडून तरी समजून घ्यायचं होतंच. जो तिच्याजवळ थांबला, त्याच्याकडून तिने ते घेतलं. यात तिचा दोष किती आणि तुझा किती, ते तूच ठरव."



पुढच्या रविवारी ऋचा आपणहून म्हणाली, "काकूला आणायला मीही येते." एस.टी.त वासुदेवांच्या जिभेवर अख्खा उपदेश तयार होता. तो त्यांनी गिळला.

केतकी ओसरीवर आली. ऋचा तिच्यापुढे उभी राहिली. "काकू, मी चुकले. मालिकेत तसं दाखवतात, म्हणून मला वाटलं."

केतकीही पोरसवदाच होती. "लग्नाआधी मीही तीच बघायचे ग," ती हळूच म्हणाली. "म्हणून तर दार लावून बसायचे. मला वाटायचं, तुझी आई मला छळणार."

आपल्या घरात दोन पोरी एकाच मालिकेला भिऊन एकमेकींपासून लांब बसल्या होत्या आणि आपण केबल काढून मोकळे झालो होतो, हे वासुदेवांना तेव्हा उमगले.