अदृश्य छायेचे दान

कृतयुग सरत आले होते, धर्म अजून चारही पायांवर उभा होता आणि पशुपक्षी व मुनी एकमेकांची भाषा जाणत होते, त्या काळी विंध्याच्या कुशीत घस्मर नावाचा एक महाअसुर जन्मला. त्याची भूक कशानेच भागेना. अखेर उघड्या कड्यावर एका पायावर उभे राहून त्याने असे उग्र तप आरंभले की ब्रह्मदेवाचे आसन हलले. पितामह मनाचे भोळे. आसन जरा हलले की त्यांना वर देण्याची घाई होते, आणि निस्तरावे लागते इतरांना. असुराने अमरत्व मागितले नाही. डोळ्यांना दिसेल ती प्रत्येक छाया आपले अन्न व्हावी, एवढेच मागितले. ब्रह्मदेवांनी 'तथास्तु' म्हटले आणि जाता जाता एक मर्यादा घातली, की जी छाया दिसणार नाही ती तुला पचणार नाही. घस्मर मनात हसला. न दिसणारी छाया त्रिभुवनात असते कुठे?

प्रथम वटवृक्षांखालची सावली गेली. पाने जागच्या जागी होती, पण त्यांच्याखाली ऊन होते. मग दऱ्यांतला गारवा गेला, गुहांतला काळोख गेला, आणि आकाशात मेघ दाटून आले तरी त्यांच्याखालची भूमी तशीच तापत राहिली. हरिणी पाडसावर पाय रोवून उभी राही, तरी पाडसाच्या पाठीवर फोड येत. पक्षिणीने पंख पसरलेले असताही घरट्यातली अंडी तिच्या डोळ्यांदेखत तडकत. असुर जवळ आल्याची खूण एकच होती: पायांशी पडलेली आपली सावली आधी थरथरे आणि मग पुसली जाई. लोक खाली मान घालून चालू लागले, कारण ज्याला त्याला स्वतःच्या सावलीची धास्ती लागली होती.

कुमुद्वती नावाच्या सरोवराच्या काठी दार्भ्यायण मुनींचा आश्रम होता. त्यांची भार्या अनूपा तेव्हा आसन्नप्रसवा होती, दिवस भरत आले होते. एके दिवशी ती काठावर भांडी घासत बसली असता तिची सावली थरथरली आणि नाहीशी झाली. पाणी हलले नाही, वारा पडलेला होता. डोक्यावरून आवाज आला.

"स्त्रिये, तुझी सावली मी चाखली. पण तुझ्या उदरातला अंधार याहून गडद आहे, आणि मला तो तुझ्या त्वचेतून दिसतो. तुझे मूल बाहेर येण्याआधी मी तो घेऊन जाईन. मग ते आतल्या आतच उन्हात पडेल."

अनूपा आश्रमात कशी पोचली ते तिचे तिलाच कळले नाही. तिने सांगितले ते ऐकून मुनींच्या हातातील समिधा गळून पडल्या. मृत्यू मिथ्या आहे, हे शिष्यांना शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्या दिवशी त्यातला एक शब्दही त्यांच्या कामी आला नाही. ते तडक उघड्या वाळूवर जाऊन बसले आणि अंगाची सालटी निघेपर्यंत त्यांनी सूर्यनारायणाला आळवले.

सहस्ररश्मी प्रकटला तो ओशाळल्या मुद्रेने. आपले तेज आवरले तर ऋतुचक्र थांबेल, असे सांगून त्याने मुनींच्या कमंडलूत एक रस ओतला. त्या रसाला रंग नव्हता.

"ही माझ्या दाहालाच पिऊन टाकणारी छाया आहे," सूर्य म्हणाला. "देहात मुरली की ती कुणालाही दिसत नाही, असुरालाही नाही. पण ती एकाच योनीची होईल. जरायुजाला दिलीस, तर गर्भातून जन्मणाऱ्या सर्वांची. अंडजाला दिलीस, तर अंड्यातून जन्मणाऱ्या सर्वांची. विभागून देता येणार नाही."

कुणाला द्यायची याविषयी मुनींच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. त्यांनी अनूपेला दर्भासनावर बसवले आणि कमंडलू तिच्यापुढे ठेवला. मध्यान्ह झाली होती. घरातल्या कुणाच्याही मुखी काही जाण्याआधी दारात जाऊन, गाय दोहायला लागेल तेवढा वेळ अतिथीची वाट पाहावी, हा त्यांचा नित्याचा आचार. त्या भाजत्या प्रदेशात अतिथी येणार कुठून? पण जन्माची सवय, विचार करण्याआधीच मुनी दारात उभे होते आणि "कोणी अतिथी आहे का?" असे विचारून मोकळे झाले होते. प्रसंग पाहून धर्म विसरणे या लोकांना जमतच नसे, आणि त्या दिवशी ते जमले असते तर बरे झाले असते, असे मुनींना पुढच्याच क्षणी वाटले.

कारण उंबऱ्याखालून उत्तर आले, "मी आहे."

ती एक मंडूकी, एक बेडकी होती. तापलेल्या चिखलावरून येताना तिची बोटे पोळली होती. तिने सांगितले, की तिची अंडी काठच्या उथळ पाण्यात आहेत. त्यांना ना कवच ना पिसे, आरपार दिसावे असे त्यांचे अंग, आणि त्यांतली कितीतरी आताच पांढरी पडली आहेत. सूर्याचे बोलणे तिने लव्हाळ्यातून ऐकले होते. तिला तो रस हवा होता.

मुनींचा चेहरा उतरला. आयुष्यात प्रथमच अतिथीच्या तोंडावर दार लावावे असे त्यांना वाटले. दुसरे काहीही माग, माझे सारे तप माग, असे ते तिला पुन्हा पुन्हा विनवू लागले. मंडूकी उंबऱ्याशी तशीच बसून राहिली.

तेव्हा अनूपा उठली.

"स्वामी, मला भीती वाटत नाही असे समजू नका," ती म्हणाली. "पण माझ्या बाळापर्यंत पोचायला असुराला आधी माझ्यातून जावे लागेल. हिच्या पिलांच्या आणि उन्हाच्या मध्ये कुणीच नाही. आणि हाक आपण मारली आहे."

मंडूकीला एका तळहातावर घेऊन ती सरोवरात गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिने कमंडलू त्या उथळ कोपऱ्यात रिता केला. अंडी दिसायला तशीच राहिली. फक्त त्यांचे पांढरे पडणे थांबले.

त्याच क्षणी काठावर उभ्या असलेल्या मुनींची सावली थरथरली.

घस्मर उतरला. अनूपेच्या उदरात एकाएकी ऊन शिरल्यासारखे झाले, आणि मूल आत तडफडू लागले. असुर खाली वाकला, तोच तिच्या पायांखाली सरोवराच्या तळाशी उरलेला काळोख त्याच्या नजरेला पडला. खादाडाला कसला धीर? मुख्य पक्वान्नाआधी त्याने तो घोटही घेतला, आणि त्या घोटाबरोबर मंडूकीची सगळी अंडी त्याच्या पोटात गेली. त्यांच्यात मुरलेली छाया त्याला दिसलीच नव्हती.

साऱ्या जगाची छाया गिळून फुगलेल्या त्या देहात प्रथमच काहीतरी विरघळेना. घस्मराने पोट दाबले, तो भूमीवर लोळला, त्याने पर्वत उरापोटाशी धरले. मग त्याचे पोट फाटले. दऱ्यांचा, अरण्यांचा आणि गुहांचा कोंडलेला अंधार एकदम बाहेर पडला, आणि घटकाभर भर मध्यान्ही काहीच दिसेना. अनूपेने दोन्ही हातांनी पोट कवटाळले. आत मूल शांत झाले होते.

अंधार ज्याचा त्याच्याकडे परतला, तेव्हा अंडी डबक्यांत विखुरलेली दिसली. काही खडकांवर पडली होती, ती सुकली. पोळल्या पायांनी मंडूकी ती शोधत फिरली. सगळी तिला सापडली नाहीत.

तेव्हापासून मत्स्य, मंडूक, सर्प, पक्षी अशा अंडजांना न दिसणारी छाया देहातच लाभते. जरायुजांना ती लाभली नाही, आणि दिलेले दान परत मागता येत नाही. अनूपेला पुत्र झाला, तो सरोवराच्या काठीच, उघड्यावर. ऊन लागताच त्याचे कोवळे अंग लाल झाले आणि तो किंचाळू लागला. मुनी वल्कल आणायला आश्रमाकडे धावले. अनूपा सूर्याकडे पाठ करून बाळावर ओणवी झाली, तशी तिची सावली त्याच्यावर पडली आणि त्याचे रडणे थांबले. तिची पाठ भाजत होती. ती हलली नाही.