मधोमध बांधलेला साकव

राजे घोड्यावरून हिंडत आणि बाकीचं जग पायी चालत असे, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती कान देऊन ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकत नसल्यासारखं दाखवून ऐकावी.

दोन डोंगरांमधल्या खोऱ्यात एक गाव होतं. गावाला लागून एक ओढा वाहत होता. ओढ्याच्या अलीकडे वरची आळी आणि खालची आळी, अशा दोन नांदत्या आळ्या. पलीकडे पैलवाडी, मूठभर घरांची. विहिरीचा गाळ कधी काढायचा, देवळाचं छप्पर कोणी शाकारायचं, गुरांनी पाण्यावर कुठून उतरायचं, हे सगळं गावचे पंच ठरवत. पंच असत दोन्ही आळ्यांचे. पैलवाडी एवढीशी, तिचा पंच कशाला, असं पूर्वीपासून चालत आलं होतं.

या पंचांचा म्होरक्या होता रायाजी. वरच्या आळीचा. माणूस कष्टाळू, बोलायला गोड. पण एक होतं, कोणाचा उतरलेला चेहरा त्याला पाहवत नसे. वादी आला की तो म्हणे, "तुझं बरोबर आहे." प्रतिवादी आला की त्यालाही तेच म्हणे. दोघंही समाधानाने घरी जात, आणि वाद होता तिथेच राही. तरी लोक म्हणत, "रायाजीसारखा पंच पंचक्रोशीत नाही." ते कानावर आलं की रायाजीला भाकरीचा घास गोड लागे.

गावाच्या ओढ्यावर साकव नव्हता. माणसं आणि एकामागून एक गुरं जातील एवढा लाकडाचा अरुंद पूल, तोही नाही. उन्हाळ्यात लोक पाण्यात पाय घालून ओलांडत, आणि पावसाळ्यात पैलवाडी जगापासून तुटे. गावाने राजाकडे गाऱ्हाणं घातलं. राजाने आपल्या रानातले सागाचे सरळसोट ओंडके पाठवून दिले. सोबत निरोप होता, "लाकूड एकाच साकवापुरतं आहे. कुठे बांधायचा ते तुमचं तुम्ही ठरवा."

झालं! ओंडके पारापाशी येऊन पडले आणि गाव दुभंगलं.

वरच्या आळीची गुरं पलीकडच्या कुरणात चरत. त्यांचं म्हणणं, साकव आमच्या आळीसमोर हवा. खालच्या आळीची भातखाचरं पलीकडे होती. त्यांचा पंच म्हाळोजी, आडव्या अंगाचा आणि आडमुठ्या स्वभावाचा. तो पारावर मांडी ठोकून बसला. "साकव आमच्या घाटावर. नाहीतर हे सोट इथेच कुजू देत. वाळवी तरी दुवा देईल."

पैलवाडीची सगुणा नावाची एक बाई त्या बैठकीला आली होती. ती पाराच्या खालीच उभी राहून म्हणाली, "दादा, खालच्या आळीच्या पुढे आमचा उतार आहे, ओढा ओलांडायची आमची जागा. तिथे दोन्ही काठ पक्के आहेत आणि दोन्हीकडे मळलेली वाट आहे. आमच्या वाडीतून कुरणालाही वाट जाते आणि खाचरांनाही. साकव तिथे झाला तर सगळ्यांनाच सोयीचा पडेल."

"तुझंही बरोबर आहे, सगुणाबाई," रायाजी म्हणाला.

पण वरची आळी म्हणाली, "एवढं लांब कोण जाणार?" खालची आळी म्हणाली, "मूठभर घरांसाठी राजाचं लाकूड?" रायाजीने दोन्ही आळ्यांकडे पाहिलं. दोन्हीकडे कपाळाला आठ्या. मग त्याला एक युक्ती सुचली आणि त्याचा चेहरा उजळला.

"दोरी आणा," तो म्हणाला. "दोन्ही आळ्यांमधलं अंतर मोजू, आणि साकव बरोबर मधोमध बांधू. ना तुमचा, ना त्यांचा."

वरची आळी खूश, कारण खालच्या आळीचं चाललं नाही. खालची आळी खूश, कारण वरच्या आळीचं चाललं नाही. दोरी ताणली, खूण केली, साकव बांधला. सुतारांनी जीव ओतून काम केलं. नारळ फुटला, गूळ वाटला. "रायाजीचा निवाडा म्हणजे तराजूचा काटा!" असं जो तो म्हणाला.

गूळ खाता खाता सगुणाने विचारलं, "पण दादा, साकवावरून उतरल्यावर आमच्या वाडीला वाट कुठे आहे? तिथे तर दरड आहे आणि करवंदीच्या जाळ्या."

"वाट होईल गं," रायाजी म्हणाला. "माणसं चालली की वाट होते."

पण माणसं चाललीच नाहीत. अलीकडून साकवावर जायचं तर गुडघाभर चिखल, पलीकडे उतरलं की उंच उभी दरड. वरच्या आळीचे गुराखी आपल्या आळीसमोरच्या खडकांवरून उड्या टाकत जात राहिले, खालच्या आळीच्या बायका खालून पाण्यातून. साकव मात्र उभा होता, देखणा आणि भक्कम. त्याच्यावर खारी पळत आणि बगळे बसत. रायाजी रोज तिथे नजर टाकी आणि मनाशी म्हणे, बसेल हळूहळू सवय.

मग पावसाळा आला. ओढा दोन्ही थडी भरून वाहू लागला. खडक बुडाले, उतार बुडाला.

एका सकाळी पलीकडच्या काठावरून हाका ऐकू आल्या. सगुणाचा नवरा दोन्ही हात वर करून ओरडत होता. त्यांच्या सुनेला वेणा सुरू झाल्या होत्या आणि मूल अडलं होतं. येसूआत्याला पाठवा, असं तो सांगत होता.

येसूआत्या ही गावची सुईण. वय झालेलं, पण हाताला यश होतं. रायाजी धावत तिच्याकडे गेला. "आत्या, भिऊ नकोस. साकव आहे. मी नेतो तुला."

अलीकडच्या चिखलात आत्याचे पाय रुतले. रायाजीने तिला ओढून काढलं. साकव त्यांनी क्षणात ओलांडला. खाली पाणी गरजत होतं, पण फळी जराही हलली नाही. रायाजीला आपल्या साकवाचा अभिमान वाटला. आणि पुढच्याच पावलाला दरड समोर आली.

माती निसरडी झाली होती. रायाजी वर चढे, आत्याला हात देई, आत्या घसरून पुन्हा खाली जाई. शेवटी त्याने तिला पाठीवर घेतलं. करवंदीच्या काट्यांनी दोघांचे हात ओरबाडले, आत्याचं लुगडं फाटलं. दरडीच्या वर पैलवाडीची कौलं दिसत होती आणि त्या पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. ऐकू येत होतं, पण जाता येत नव्हतं.

अर्ध्या चढावर आत्या त्याच्या कानापाशी म्हणाली, "रायाजी, साकव झकास बांधलास हो. फक्त कोणासाठी बांधलास, तेवढं सांग."

रायाजीने करवंदीचं मूळ घट्ट धरलं आणि पुढचं पाऊल वर टाकलं.

ते पोचले तेव्हा पोरीचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. आत्याने पाय धुतले नाहीत, श्वास घेतला नाही, तशीच आत गेली. रायाजी अंगणात पावसात उभा राहिला. कोणी त्याला आत ये म्हणालं नाही आणि जा म्हणालं नाही. बऱ्याच वेळाने मूल रडलं. त्याच्यानंतर आणखी बऱ्याच वेळाने आत्या बाहेर आली आणि म्हणाली, "दोघंही वाचली. पण जरा आणखी उशीर झाला असता, तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं."

सगुणा दारात उभी होती. ती रागावली असती तर रायाजीला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "दादा, तुम्ही तेव्हा मला नाही म्हणाला असता ना, तर मी भांडले असते. पण तुम्ही म्हणालात, तुझं बरोबर आहे. मग भांडायचं कोणाशी?"

पावसाने उघडीप दिली तसं रायाजीने गाव पारावर बोलावलं. यावेळी त्याने पैलवाडीच्या माणसांनाही वर, पारावर बसवलं. आणि तो म्हणाला, "साकव चुकीच्या जागी आहे. चूक माझी आहे. तो उतरवायचा आणि पैलवाडीच्या उतारावर बांधायचा."

पारावर एकच गलका उठला.

"एकदा ठरलं ते ठरलं!"

"मूठभर घरांपुढे दोन आळ्यांनी मान तुकवायची?"

वरच्या आळीचा एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, "तू आमचा ना रे? मग साकव आमच्यापासून सगळ्यात लांब नेतोस?"

सगळ्यांचे चेहरे उतरले होते. 'तुमचं बरोबर आहे' हे शब्द रायाजीच्या ओठांवर आले. त्याने ते गिळले.

"होय, लांब नेतोय," तो म्हणाला. "आपल्याला चार पावलं जास्त चालावी लागतील. पण पावसाळ्यातही पलीकडे जाता येईल. पैलवाडीला तर दुसरा मार्गच नाही. आपली गैरसोय होईल, त्यांचा जीव जाईल. हे दोन्ही एका पारड्यात घालता येत नाही. मी घातलं होतं."

बैठक उठली ती चिडूनच. कोणीही हो म्हटलं नाही.

पण म्हाळोजी मागे थांबला. सगळे गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "मला कळतं रे सगळं. पण आळीला काय सांगू? म्हाळोजी हरला म्हणून?"

"सांग, रायाजी हरला म्हणून," रायाजी म्हणाला. "खोटं नाही ते. साकव तुझ्या आळीपेक्षा माझ्या आळीपासून लांब जातोय."

म्हाळोजीने त्याच्याकडे निरखून पाहिलं, आणि तो निघून गेला.

पुढचे दिवस रायाजीला जड गेले. वरच्या आळीत त्याला कोणी राम राम घालेना. पाण्यावर त्याच्या बायकोशी बायका बोलेनात. रात्री ती म्हणाली, "सगळ्यांचे लाडके होतात. आता हे काय मांडलंत?" रायाजी म्हणाला, "लाडका होतो. उपयोगाचा नव्हतो." सकाळी तिने त्याची शिदोरी बांधून दिली.

ओढ्याचं पाणी ओसरल्यावर रायाजी पहार घेऊन साकवापाशी गेला. पैलवाडीची माणसं आली होती. येसूआत्या काठावर येऊन बसली होती, नुसती बघायला. मूठभर हात आणि सागाचे एवढाले सोट. पहिला सोट काही हलेना. रायाजीच्या तळहाताला फोड आले.

तेवढ्यात चिखलातून फतक फतक आवाज करत म्हाळोजी आला. खांद्यावर दोरखंड, मागे बैलांच्या दोन जोड्या. मध्येच तो कमरेपर्यंत रुतला. त्याला बाहेर ओढता ओढता चौघंजण त्याच्यासकट आडवे झाले. म्हाळोजी चिखल पुसत ओरडला, "अरे, ही काय जागा आहे का साकवाची? कोणत्या शहाण्याने निवडली?"

क्षणभर सगळे चपापले. मग येसूआत्याच आधी हसली, आणि तिच्या मागून सगळा काठ हसला. रायाजीही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

हसण्याचा आवाज गावात गेला. काय चाललंय ते पाहायला खालच्या आळीची माणसं आली आणि पाहता पाहता त्यांनी कासोटे खोचले. वरच्या आळीचे गुराखी दुसऱ्या दिवशी आले. सोट उतरले, बैलांनी पाण्यातून ओढत नेले, आणि पैलवाडीच्या उतारावर साकव उभा राहिला. तो काठी आपटणारा म्हातारा मात्र शेवटपर्यंत आला नाही. सगळ्यांनाच यायचं नसतं, हेही रायाजी तेव्हा शिकला.

पुढच्या पावसाळ्यात ओढा पुन्हा दोन्ही थडी भरून वाहिला, आणि यावेळी पैलवाडी तुटली नाही. वाडीचं दूध रोज गावात येऊ लागलं. खालच्या आळीच्या बायका कोरड्या पावलांनी खाचरांवर गेल्या. वरच्या आळीची गुरं भर पावसातही कुरणात पोचली. गुराखी रोज लांब पडतं म्हणून कुरकुरत, आणि रोज त्याच वाटेने जात. पैलवाडीतून सगुणाला पंच केलं गेलं. तिला पारावर जागा द्यायला म्हाळोजीला बरंच सरकावं लागलं.

त्यानंतर गावात गुरांच्या पाणवठ्यावरून वाद झाला, मग देवळाकडच्या रस्त्यावरून झाला. वाद कुठे संपतात? पण पंचांनी एक रीत घातली. दोरी आणायच्या आधी ते सगळे मिळून त्या जागेवर जात, आणि ज्याचं सगळ्यात जास्त अडतं त्याच्या दारातून चालत येत. ओरडणाऱ्याचं ऐकत, आणि गप्प बसलेल्याला मुद्दाम विचारत. निवाड्यावर सगळे खूश होत असं नाही. रायाजीला शिव्या देणारी दोन-चार माणसं कायमच असत. तो त्यांनाही राम राम घाली, आणि रात्री त्याला गाढ झोप लागे.

म्हणून, बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: सगळ्यांना खूश करतो तो कारभार नव्हे, ज्याचं अडलंय त्याच्यापर्यंत पोचतो, तोच खरा कारभार.