रेवा हत्तीण आणि अरुंद पाऊल

फार फार वर्षांपूर्वी डोंगरांच्या कुशीत तटबंदीचं एक नगर होतं. त्या नगराला दोन वेशी होत्या, एक मोठा चौक होता, आणि रेवा नावाची एक हत्तीण होती. रेवा राजाची होती खरी, पण लाड तिचे सगळं नगर करायचं. बाजारात गेलेली माणसं घरी जाण्याआधी वाट वाकडी करून तिला ऊस भरवून यायची.

आणि एके दिवशी पहाटे माहुताने हंबरडा फोडला. रेवा हत्तीखान्यात जमिनीवर पडली होती. तोंडाला फेस, डोळे अर्धे मिटलेले. तिच्या चाऱ्यात काळ्या बिया सापडल्या. कुणीतरी तिला विष घातलं होतं!

कोतवाल धावत आला. ओल्या मातीत एक अनोळखी पाऊल उमटलं होतं. ते त्याने वाकून नीट पाहिलं आणि त्यावर टोपली पालथी घातली. मग त्याने दोन्ही वेशी बंद करून तिथे पहारा बसवला, आणि चांगुणेला बोलावणं धाडलं.

चांगुणा ही तटाजवळच्या झोपडीत राहणारी जडीबुटीची जाणकार. तिने रेवाची जीभ पाहिली, चाऱ्यातल्या चार बिया पदरात बांधल्या आणि म्हणाली, "उतारा आहे माझ्याकडे. दुपारच्या आत पोटात गेला, तर ही उठेल." आणि ती लगबगीने घरी निघाली.

तोवर बाहेर लोक जमले होते. कोतवाल त्यांना म्हणाला, "आजचा दिवस इकडे कुणी फिरकू नका. कुणी काही पाहिलं असेल, तर मला एकट्याला येऊन सांगा."

लोक पांगले, पण घरी कुणीच गेलं नाही. सगळे चौकात गोळा झाले.

तिथे महिपत नावाचा विणकर होता. कुठलंही कोडं घाला, हा चुटकीसरशी सोडवायचा, म्हणून त्याचं फार कौतुक होतं. रेवावर त्याचा जीवही होता. तो ओट्यावर चढला. "मंडळी, कोतवाल एकटा आहे, आपण हजार आहोत. हजार जणांच्या डोळ्यांतून गुन्हेगार सुटेलच कसा?"

झालं! चौकात जत्रा भरली. माग थांबले, दुकानं अर्धी उघडीच राहिली. जो तो काहीतरी सांगायला पुढे येऊ लागला.

"माहूत रडला, पण डोळ्यांत पाणी नव्हतं!"

"काल तेलीण हत्तीखान्यावरून दोनदा गेली!"

घडीभरात पाच जण गुन्हेगार ठरले आणि पाचही जण सुटले. प्रत्येक नव्या नावासरशी लोकांच्या अंगात वीज संचारायची.

"ते पाऊल पाहिलं पाहिजे," महिपत म्हणाला. सगळे हत्तीखान्याकडे धावले. माहूत आडवा आला, पण त्या लोंढ्यापुढे त्याचं काय चालणार? टोपली उचलली गेली. महिपतने वीत लावून पाऊल मोजलं आणि ओरडला, "पाऊल अरुंद आहे! हे बाईचं पाऊल आहे!"

मागचे लोक पाहायला पुढे रेटले, आणि ते पाऊल शंभर पावलांखाली पुसून गेलं.

"पहाटे चांगुणा इथून बाहेर पडताना मी पाहिली," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "तिच्या पदरात काहीतरी बांधलेलं होतं."

आता कोण थांबणार? लोक पळतच झोपडीपाशी पोचले. चांगुणा खलात पाला वाटत बसली होती. कुणीतरी तिचा पदर ओढला. गाठ सुटली आणि चार काळ्या बिया जमिनीवर घरंगळल्या.

"सापडली! बी सापडलं!"

"अरे बाबांनो, मी उतारा वाटतेय," चांगुणा कळवळून म्हणाली. "कोतवालांनीच बोलावलं होतं मला. त्यांना विचारा तरी!"

"पकडलेला प्रत्येक जण असंच म्हणतो!" महिपत गरजला. त्याच्या छातीत आनंद मावत नव्हता. कोडं सुटलं होतं.

कुणाची तरी लाथ खलाला लागली. कुणीतरी चुलीतलं जळतं लाकूड छपरावर फेकलं. कुणी फेकलं, हे पुढे कधीच कळलं नाही. वर्षानुवर्षं वाळवून ठेवलेली औषधं भडाभडा पेटली. ती वाचवायला चांगुणेने आत हात घातला आणि तो कोपरापर्यंत भाजला.

धुराचे लोट पाहून कोतवाल धावला. जमाव आवरेना, म्हणून त्याने वेशींवरचे पहारेकरीही बोलावून घेतले. त्यांनी चांगुणेला गर्दीतून बाहेर काढलं.

"कोतवालसाहेब, गुन्हेगार आम्ही शोधली!" महिपत म्हणाला. "पाऊल अरुंद होतं."

"अरुंद नव्हतं," कोतवाल म्हणाला. "त्याला करंगळी नव्हती. आज वेशी बंद ठेवून मी एकेकाचे पाय तपासणार होतो."

मागून धर्मशाळेचा म्हातारा राखणदार चाचरत पुढे आला. "चार दिवसांपूर्वी एक परका चारा विकायला आला होता. त्याच्या पायाला चारच बोटं. तो आत्ता, ही पळापळ चालू असताना, पहारा नसलेल्या वेशीचा अडसर काढून निघून गेला. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना गुन्हेगार सापडलाच आहे."

स्वार सुटले, पण तो माणूस पुन्हा कधी हाती लागला नाही.

चांगुणेने एका हाताने राखेतून मुळ्या वेचल्या आणि नव्याने उतारा केला. तो रेवाच्या पोटात गेला तेव्हा दिवस मावळत होता. रेवा जगली. पण तिचे दोन्ही डोळे कायमचे गेले.

दुसऱ्या दिवशी महिपत चांगुणेच्या पायांवर पडला. "माझा रेवावर जीव होता, म्हणून झालं हे. मला माफ कर."

"तुझा जीव होता, ते मला माहीत आहे," चांगुणा म्हणाली. "पण माझ्या दारात आलास तेव्हा तुला खरं ऐकायचं नव्हतं. तुला फक्त जिंकायचं होतं."

ती नदीपलीकडच्या गावी निघून गेली. तेव्हापासून त्या नगरात कुणी आजारी पडलं, की घरच्यांना नदी ओलांडून तिच्या दारी जावं लागे. ती कुणालाही परत पाठवत नसे, पण त्या नगरात तिने पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

बोध : पूर्ण खरं कळण्याआधी कुणाकडे बोट दाखवू नये, त्याने निरपराध माणूस भरडला जातो आणि खऱ्या गुन्हेगाराला वाट मोकळी होते.