बारकूबायने कळ परतवली

खाडीवर पूल नव्हता आणि पेठेला जायचं तर भरतीची वाट बघावी लागायची, त्या काळातली ही गोष्ट. आमच्या चिंबोरपाड्यात तेव्हा बारकूबाय राहायची. बुटकी, काटक आणि तोंडाने फटकळ. खाडीच्या बांधावरच्या बिळांतून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढायच्या आणि विकायच्या, हा तिचा धंदा.

तिला तरुणपणीच एक दुखणं लागलं. कमरेतून कळ निघायची, ती मांडीमागून, पोटरीतून थेट टाचेपर्यंत जायची. हल्ली डॉक्टर त्याला सायटिका म्हणतात. तेव्हा त्याला नाव नव्हतं, इलाज मात्र होता. विळा चुलीत लाल करायचा आणि पोटरीवर डाग द्यायचा. बारकूबायला असे तीन डाग दिले. कळ होती तिथेच राहिली, वर डागांची आग.

पण पोट थोडंच थांबतं? ती लंगडत बांधावर गेली आणि बिळात हात घालून पालथी पडून राहिली. चिंबोरी काही येईना. कंटाळून तिने कोपरांवर छाती उचलली, टेकली, पुन्हा उचलली. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग तिच्या लक्षात आलं की टाचेतली कळ गुडघ्यापर्यंत मागे आलीय. दुसऱ्या दिवशी ती मांडीपर्यंत आली. महिन्याभरात बारकूबाय डोक्यावर टोपली घेऊन चालू लागली. त्या बिळातली चिंबोरी तिच्याशी बोलली, असं म्हणतात. चिंबोरी बोलली की नाही ते मला ठाऊक नाही, पण बारकूबाय तिला चार शब्द सुनावल्याशिवाय राहिली नसणार.

मग लोक तिच्याकडे येऊ लागले. ती पाय बघायची, कुणाला पालथं झोपवायची, कुणाला उताणं, कुणाला नुसतं चालवायची. ज्याचं पाऊल लुळं पडलंय किंवा लघवी अडलीय, त्याला मात्र ती ठेवून घ्यायची नाही. होडीत घालून शहरातल्या दवाखान्यात पाठवायची.

आणि मग हाशा अंथरुणाला खिळला.

हाशा आमचा उघाडीवाला. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरती आली की बंद करायचं. दार जुनं आणि वाकडं. कुठली फळी आधी, पाचर कुठे मारायची, हे एकट्या हाशाला माहीत. त्याने ते कुणाला शिकवलं नव्हतं. शिकवलं तर मग आपल्याला कोण विचारणार, असं त्याला वाटायचं. श्रावण नुकताच लागला होता. ओली फळी उचलताना हाशाच्या कमरेत चमक भरली, ती टाचेत उतरली आणि त्याला खाटेवरून हलता येईना. रोजची भरती लोकांनी चिखल-माती टाकून कशीबशी अडवली, पण नारळी पौर्णिमेचं उधाण बारा दिवसांवर होतं. दार नीट बसलं नाही तर खारं पाणी भातात शिरणार, आणि खारं झालेलं शेत तीन वर्षं पीक देत नाही. अख्ख्या गावाचा भात हाशाच्या एका पायावर येऊन ठेपला.

त्याच्या बायकोने, जानीने, विळा चुलीत घातला. तेवढ्यात बारकूबाय दारात उभी.

"काढ तो विळा भायेर, जाने. मी अजून जिती हाय."

तिने हाशाला जमिनीवर पालथं पाडलं. कोपरांवर उठायला लावलं. मग दहा पावलं चालवलं, दुसऱ्या दिवशी वीस. तो बसला की ती खेकसायची. सहाव्या दिवशी हाशा असा ओरडला की शेजारीपाजारी धावत आले. कंबर धरून तो घामाघूम झाला होता.

"पाय दुखत व्हता, तू तर कंबरच मोडलीस माझ्या घोवाची!" जानी रडत म्हणाली आणि तिने पुन्हा विळा तापत ठेवला.

बारकूबाय हाशाजवळ बसली. "टाच दुखतेय?"

"नाय."

"पोटरी?"

"नाय."

"मग वरडतोस कशाला? कल म्हंजे चिंबोरी, कंबर तिचं बिल. चिंबोरी बिलाकडं परतलीय तुझी. आता थोडीच राहिली."

हाशाने लाल झालेल्या विळ्याकडे बघितलं. बारकूबायने लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं आणि ते तीन डाग दाखवले. "यानं बरी झाले असते, तर चिंबोऱ्यांपुढं पालथी कशाला पडले असते?"

हाशा फार घाबरला होता. तरी तो आपणहून पालथा झाला. जानीने विळा पाण्याच्या हंड्यात बुडवला.

पौर्णिमेला भर दुपारी उधाण यायचं होतं. हाशा सकाळीच काठीशिवाय निघाला. बारकूबाय मागून चालत होती, तिने त्याला धरलं नाही. उघाडीपाशी गावातले आठ जण आधीच येऊन थांबले होते. पोचताच हाशा सवयीने फळीसाठी वाकायला गेला.

"वाकू नको!" ती ओरडली. "तोंड हाय ना? सांग त्यांना."

हाशाने फळीकडे नेलेला हात मागे घेतला. मग त्याने सांगायला सुरुवात केली. कुठली फळी उलटी, कुठली सुलटी, चिखल कुठे भरायचा. त्या आठ जणांनी फळ्या बसवल्या आणि शेवटची पाचर जानीने मारली. पाचर बसेपर्यंत पाणी बांधाच्या काठाखाली हातभर तसंच उभं राहिलं, असं म्हणतात. भरती कुणासाठी थांबत नाही, हे आम्हा खाडीवाल्यांना काय सांगायचं? पण त्या दिवशी ती थांबली. त्या साली भात उत्तम पिकला.

बारकूबायचं देऊळ आम्ही बांधलं नाही. एका जागी बसून राहणं तिला आवडलं नसतं. पण दर नारळी पौर्णिमेला, खाडीत नारळ सोडण्याआधी, गाव बांधावरून उघाडीपर्यंत चालतं. ज्याचा पाय दुखतो तो सगळ्यांत पुढे, आणि त्याला ओलांडून कुणी जायचं नाही, मग तो गरोदर बाईपेक्षा हळू चालो की नुकत्याच चालायला लागलेल्या पोरापेक्षा. उघाडीपाशी पोचल्यावर जाणता माणूस एका नव्या माणसाला दार कसं बसवायचं ते मोठ्याने सांगतो. आता तिथे लोखंडी दार आहे, एक चाक फिरवलं की बंद होतं. तरी सांगतात.

गेल्या वर्षी सगळ्यांत पुढे मी होते. चार वेळा थांबले, पोचायला तासभर लागला. मागे अख्खं गाव होतं आणि एकानेही घाई केली नाही.