बाळ रडलं नाही

एका राज्यात धान्याची कोठारे कधी रिती होत नसत. शेते पडीक होती, नांगर गंजले होते, तरी रोज पहाटे कोठारे काठोकाठ भरत. राजा वीरकेतूच्या दरबारात धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाने एक हिरवा मणी आणून ठेवला होता, त्याची ही करणी. मात्र मणी आला त्या वर्षापासून राज्यात जन्मलेले एकही मूल रडले नाही. मुले वाढत, चालत, हसत. पण कंठातून आवाज फुटत नसे.

मांत्रिकाने रीत घालून दिली. बारशाच्या दिवशी आईने उंबरठ्यावर उभे राहून म्हणायचे, ‘बाळ रडलं.’ मग गावाने ढोल वाजवायचे. सगळ्या आया म्हणत आल्या. सगळे ढोल वाजवत आले.

सेनापतीच्या धाकट्या सुनेला, कुमुदिनीला, मुलगा झाला. बारशाच्या सकाळी खिडकीत एक साळुंकी येऊन बसली आणि म्हणाली, “बाई, मणी त्या एका वाक्यावर जगतो.”

“आणि मी ते म्हटलं नाही तर?”

“ते मला ठाऊक नाही. आजवर कुणी तसं केलेलं नाही.”

उंबरठ्यावर सासूबाई पुढे झाल्या. “म्हण, सूनबाई. माणसं खोळंबली आहेत.”

कुमुदिनीने बाळाला छातीशी धरले. “सासूबाई, बाळ रडलं नाही.”

ढोलांवरचे हात तसेच राहिले. घरातली चूल त्याच क्षणी विझली, आणि मग कुमुदिनीच्या हातून ती पेटेना.

दुसऱ्या दिवशी तिला चौकात उभे केले. नगरशेटाची बायको म्हणाली, “कोठारं रिकामी झाली तर आमच्या लेकरांना काय घालू? एक वाक्य तर आहे. आम्ही नाही का म्हटलं?”

कुमुदिनी म्हणाली, “भुकेला माझ्यापाशी उत्तर नाही, ताई. पण बाळ रडलं नाही.”

तेव्हा तिचे नाव सगळ्यांच्या जिभेवरून पुसले गेले. नवरा रणधीर तिला हाक मारायला धावला. ओठ हलले, नाव येईना. तो मान खाली घालून परत गेला.

तिसऱ्या दिवशी दरबार भरला. राजा म्हणाला, “मुली, माझ्या प्रजेचं पोट या मण्यावर आहे. तुझा हट्ट सोड.”

“महाराज, हट्ट नाही. मी ऐकलं नाही, ते ऐकलं म्हणू कशी?”

धूम्रकेश उठला. “पुन्हा नकार दिलास तर तुझ्या डोळ्यांपुढे कायमचा अंधार येईल.”

तिने बाळाकडे पाहिले. त्याचे कपाळ, कानांच्या कोवळ्या पाळ्या, ओठाखालचा तीळ, सारे सारे पाहून घेतले. मग म्हणाली, “बाळ रडलं नाही.”

अंधार आला. कुणाची तरी पावले जवळ आली, आणि तिच्या थोरल्या जावेचा, तरुलतेचा, आवाज तिच्या कानी पडला. “माझी मुलगीही रडली नव्हती. मी भ्याले आणि खोटं बोलले.” मग जे नाव कुणाला उच्चारता येत नव्हते, ते तिने घेतले, “कुमुदिनी, माझा हात धर.”

मण्याचे तेज डळमळले. पाठोपाठ एका बाईने तीच कबुली दिली, मग दुसरी, मग नगरशेटाची बायको. प्रत्येकीच्या शब्दासरशी मणी विझत गेला. शेवटी तो तडकला आणि त्याची राख झाली. धूम्रकेशाचीही राख झाली. दारांतून, गल्ल्यांतून, राज्यभरातून मुलांचे आवाज उठले. कुमुदिनीने प्रथम आपल्या बाळाचे रडणे ऐकले. मग तिला त्याचा चेहरा दिसला.

संध्याकाळपर्यंत कोठारे रिकामी झाली. राजाने मुकुट सिंहासनावर ठेवला आणि सर्वांआधी नांगराला हात घातला. ते वर्ष राज्याने अर्धपोटी काढले. काहींनी कुमुदिनीला दोष दिला. तिने तो निमूटपणे ऐकून घेतला आणि रणधीरच्या बरोबरीने पेरणी केली. बांधावरच्या झाडांना झोळ्या टांगल्या होत्या. झोळ्यांतली मुले कंठ फोडून रडत होती, आणि कितीतरी दिवस त्यांना गप्प करावे असे कुणाला वाटलेच नाही.